संत्र्याची साडेतीन वर्तुळे

वस्तूला बाहेरून जिथे जिथे हात लागतो, त्या सगळ्या जागेचे क्षेत्रफळ म्हणजे तिचे पृष्ठफळ. टाकीत पाणी किती मावेल हे घनफळ आणि टाकीला रंग किती लागेल हे पृष्ठफळ, एवढी खूण लक्षात ठेवली की विषय संपायला हरकत नसावी. पण शाळेत हे दोघे एकाच प्रकरणात नांदतात, आणि दोघांच्याही सूत्रांत लांबी, रुंदी, उंची ही तीच तीन मंडळी असतात. त्यामुळे परीक्षेत ‘टाकीसाठी पत्रा किती लागेल’ असे विचारले की चांगली चांगली मुले टाकी काठोकाठ भरून मोकळी होतात. सूत्र पाठ असते, ते कशाचे हे नसते. यावर उपाय म्हणून शिक्षणशास्त्राने कृती सुचवली : मुलांच्या हातात वस्तू द्यायची, कात्री द्यायची आणि शिक्षकाने जरा वेळ गप्प बसायचे. यातली पहिली दोन कामे शाळांना जमू लागली आहेत.

कृतीची सुरुवात अंदाजाने होते. क्रम ठरलेला असतो : आधी अंदाज, मग मोजमाप, मग दोहोंतला फरक. वहीत त्यासाठी तीन रकाने आखले जातात आणि ते उलट्या क्रमाने भरले जातात. खोक्याचे पृष्ठफळ मोजून ६०५ चौ. सेंमी आले की अंदाजाच्या रकान्यात ६०० लिहायचे. जरा पोहोचलेला विद्यार्थी ५८० लिहितो, कारण फार जवळचा अंदाज संशयाला जागा देतो हे त्याला उमगलेले असते. (पुढे हिशेबतपासनीस होणारी मुले इथेच ओळखू येतात, ती कोणत्या बाजूला बसतील हे मात्र सांगता येत नाही.) पट्ट्या वाटण्याआधीच अंदाज शाईने लिहून घेतला, तर हा प्रकार थांबतो आणि खरी परिस्थिती उघडी पडते. एकाच खोक्याला चाळीसपासून चाळीस हजारांपर्यंत उत्तरे येतात. अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात ते हेच. यात मुलांचा दोष नाही. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे केवढा, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते. ‘करंगळीच्या नखाएवढा’ असे सांगितले की उत्तरे भराभर माणसांत येतात.

एककाची खरी परीक्षा चौरस मीटरपाशी होते. एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटिमीटर, असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘शंभर’ म्हणतो. एवढे एकमत शाळेत दुसऱ्या कशावरही होत नाही. ते मोडण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे एकमेकांना चिकटवून एक मीटर बाजूचा चौरस तयार करतात आणि वर्गाच्या मधोमध अंथरतात. त्याच्या एका कडेलाच सेंटिमीटरचे शंभर चौरस संपतात, आणि अशा शंभर रांगा लागणार हे दिसले की दहा हजार हा आकडा सांगावा लागत नाही. मग त्या कागदावर किती मुले उभी राहतील, याचा अंदाज घेतला जातो. इथे अंदाजाचे रूपांतर पैजेत होते. कोणाचा अंगठा बाहेर आहे, एका पायावर उभे राहिलेले चालते का, दप्तर धरायचे का, असे मूलभूत प्रश्न पुढे येतात. तास संपतो तेव्हा कागद फाटलेला असतो, एकक मात्र पक्के झालेले असते. पुढच्या चाचणीत काही जण तरीही शंभर लिहितात. सवय ही सवयच.

यानंतर इष्टिकाचितीची पाळी. हे नाव उच्चारायला वस्तूपेक्षा जड असल्यामुळे शिक्षक बहुधा ‘खोके’च म्हणतात. टूथपेस्टचे रिकामे खोके जोडावरून सोडवून सपाट केले की त्याची घडण मिळते. पाठ्यपुस्तकातली घडण सहा आयतांची असते : नेटकी, निळसर आणि चिकटवता न येणारी. खऱ्या खोक्याच्या घडणीला मात्र कडेला एक लांब पट्टी असते, दोन्ही टोकांना आत मुडपायची झाकणे असतात, कोपऱ्यांत कान असतात. आणि मग वर्गाच्या मागच्या बाकावरून तो प्रश्न येतो : “सर, ही पट्टी धरायची का?”

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा “सध्या सोडून दे” असे मिळते. खरे उत्तर दोन तुकड्यांत द्यावे लागते : पृष्ठफळात धरायची नाही, पुठ्ठ्यात धरायची. खोक्याचे पृष्ठफळ वेगळे आणि ते बनवायला लागलेला पुठ्ठा वेगळा; कारखानदार पैसे मोजतो ते पुठ्ठ्याचे. सूत्र आणि वस्तू यांच्यातले हे अंतर ज्याने एकदा पट्टीने मोजले, त्याला टाकीचा पत्रा आणि टाकीतले पाणी यांत गोंधळ घालणे जड जाते. पट्टी सोडून दिली की कृती म्हणजे सूत्राचीच हस्तकला उरते.

घनाच्या घडणी शोधण्याची कृती यामानाने स्वच्छ आहे. कडेला कड लावून सहा सारखे चौरस जोडण्याच्या एकूण ३५ तऱ्हा आहेत. त्यांतल्या ११ तऱ्हांचाच घन होतो. उरलेल्या २४ तऱ्हा मुले हटकून आधी शोधून काढतात.

काडेपेट्यांची कृती स्वस्त आणि म्हणून लोकप्रिय. काडेपेटी ५ सेंमी लांब, ३.५ सेंमी रुंद, १.५ सेंमी उंच धरली तर तिचे एकूण पृष्ठफळ ६०.५ चौ. सेंमी भरते. दोन काडेपेट्या एकत्र कागदात गुंडाळायच्या तर कागद किती, असे विचारले की ‘१२१’ हे उत्तर तयार असते. ते चुकते, कारण दोन पेट्या जिथे चिकटतात ती दोन पृष्ठे आत दडतात. एकीवर एक ठेवल्या तर ८६, लांब कडेला कड लावून शेजारी ठेवल्या तर १०६, आणि आगगाडीच्या डब्यांसारख्या एकापुढे एक ठेवल्या तर ११०.५ चौ. सेंमी. पेट्या त्याच, काड्या तेवढ्याच, कागद मात्र वेगवेगळा. बारा पेट्यांचा पुडा बांधणाऱ्याला हे कोणी शिकवलेले नसते, तरी तो कमीत कमी कागदाचाच पुडा बांधतो. दर जूनमध्ये घरोघरी वह्यांना खाकी कव्हरे घातली जातात तोही याच प्रकरणाचा स्वाध्याय. मुडपायला किती कागद सोडायचा हे आईला डोळ्यांनी कळते. वडील पट्टी घेऊन बसतात आणि कागद दोन बोटे कमी पडतो.

वृत्तचितीला फारसा वेळ द्यावा लागत नाही. डब्यावरचे लेबल उभे कापून सोडवले की त्याचा आयत होतो. त्याची एक बाजू डब्याची उंची, दुसरी डब्याचा परीघ. वर आणि खाली एकेक वर्तुळ जोडले की काम झाले. शंकूसाठी चण्याफुटाण्यांची पुडी उलगडतात. तिथे मुलांचा पाय घसरतो तो तिरकस उंचीवर. सूत्रात तिरकस उंची हवी असते आणि मुले पुडी टेबलावर उपडी ठेवून तिची सरळ उंची मोजतात, कारण उंची म्हणजे उभे राहून मोजायची गोष्ट, हे आरोग्यतपासणीच्या दिवशी त्यांच्या मनावर बिंबलेले असते.

गोलापाशी मात्र थांबावे लागते. गोल उलगडून सपाट होत नाही, तो फाटतो. म्हणून गोलासाठी संत्रे आणतात. त्यातही नागपुरी संत्रे या कामाला उत्तम, कारण त्याची साल सैल असते. मोसंबे आणले तर तास सोलण्यातच जातो. कृती अशी : संत्र्याचा मोठ्यात मोठा व्यास मोजायचा, तेवढ्या व्यासाची काही वर्तुळे कागदावर काढायची, संत्रे सोलून सालीचे बारीक तुकडे करायचे आणि एकेक वर्तुळ तुकड्यांनी भरत जायचे. गोलाचे पृष्ठफळ त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या चौपट असते, तेव्हा साल चार वर्तुळे भरून संपायला हवी. सोललेल्या फोडींचे काय करायचे हे कृतिपत्रिकेत लिहिलेले नसते; तो भाग विद्यार्थी स्वयंप्रेरणेने पूर्ण करतात.

आता गंमत अशी की साल चार वर्तुळे भरत नाही. संत्रे हा गोल नसून वरून-खालून दाबलेला गोल असतो. ७ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच संत्रे घेतले आणि त्याचा आकार काटेकोर धरून हिशेब केला, तर साल सुमारे ३.६ वर्तुळे भरते. म्हणजे साडेतीन वर्तुळे आणि वर चिमूटभर. साल वाकडी असल्यामुळे तुकड्यांमध्ये फटी राहतात, त्या फटींमुळे थोडी भर पडते, तो भाग वेगळा. वर्गात ही साडेतीन वर्तुळे प्रकट झाली की धावपळ उडते. फलकावर ‘चौपट’ आधीच लिहिलेले असते. कोणी तुकडे विरळ मांडतो, कोणी शेजारच्या गटाकडून साल उसनी आणतो, आणि एखादा व्यवहारी मुलगा चौथे वर्तुळ जरा लहान काढतो. वहीत निष्कर्ष म्हणून ‘बरोबर ४’ लिहिले जाते. संत्रे खोटे ठरते आणि सूत्र खरे ठरते. खरे तर दोघेही खरे असतात. संत्र्याची उंची मोजून पाहिली असती, तर पृथ्वीही अशीच ध्रुवांशी किंचित दबलेली आहे, इथपर्यंत तास गेला असता.

गोलाचे हे चौपटीचे गणित ग्रीक गणिती आर्किमिडीजने सिद्ध केले. आपल्याकडे ते भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत दिले आणि सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात त्याची उपपत्तीही सांगितली. ती वाचताना आजच्या कार्यशाळेची आठवण व्हावी. अजाणांना समजावे म्हणून मातीचा किंवा लाकडाचा गोल करा, असे ते सांगतात. त्याचा परीघ २१,६०० कला (अंशाचे साठावे भाग) धरायचा, माथ्यावर एक बिंदू घ्यायचा, आणि तिथून २२५-२२५ कलांच्या अंतराने एकाखाली एक वर्तुळे काढत जायचे. अर्ध्या गोलात अशी २४ वर्तुळे होतात. त्यांच्यामधल्या पट्ट्यांची क्षेत्रफळे काढून बेरीज करायची. दुसऱ्या रीतीत ते गोलाचे आवळ्यावर दिसतात तसे उभे काप कल्पून तेच उत्तर काढतात. त्याच ग्रंथात त्यांनी पूर्वीचे ज्योतिषी लल्ल यांची चूकही दाखवली आहे. लल्लांनी गोलाच्या पृष्ठफळासाठी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. हे उत्तर चौरस एककात बसतच नाही, घन एककात जाते. आजच्या उत्तरपत्रिकांतही ते अधूनमधून सापडते, तेव्हा परंपरा खंडित झालेली नाही असे म्हणता येईल. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. मठात संत्री वाटली जात होती का, याबद्दल शिलालेख मौन पाळतो.

वेड्यावाकड्या पृष्ठांसाठी सूत्र नसते, तिथे आलेख कागद कामाला येतो. पिंपळाचे पान कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतले चौरस मोजायचे. पूर्ण चौरस पूर्ण धरायचे, अर्ध्याहून मोठे तुकडेही पूर्ण धरायचे, अर्धे ते अर्धे, आणि अर्ध्याहून लहान सोडून द्यायचे. ही वाटणी मुलांना फारशी न्याय्य वाटत नाही, पण लहानांनी सोडून द्यावे आणि मोठ्यांनी पूर्ण घ्यावे हा नियम घरीही चालत असल्यामुळे कोणी हट्ट धरत नाही. पानाला दोन बाजू असतात हे बहुतेकांना बेरीज झाल्यावर आठवते.

पानानंतर माणूस. हाताचा पंजा बोटे जुळवून आलेख कागदावर ठेवायचा, कडा आखायच्या, चौरस मोजायचे आणि उत्तराला शंभराने गुणायचे. म्हणजे अंगाच्या कातडीचे ढोबळ पृष्ठफळ मिळते. भाजलेल्या रुग्णाचे अंग किती टक्के भाजले हे ठरवताना डॉक्टर रुग्णाचा पंजा एक टक्का धरतात, त्याचीच ही शालेय आवृत्ती. १४० सेंमी उंच आणि ३५ किलो वजनाच्या मुलाची कातडी साधारण ११,७०० चौ. सेंमी, म्हणजे सव्वा चौरस मीटरहूनही थोडी कमी भरते. पंज्यावरून येणारे उत्तर त्याच्या आसपास, बहुधा जरा कमी येते. आलेल्या उत्तरावर मुलांचा विश्वास बसत नाही. एवढ्या मोठ्या देहाला वर्गातला तो वर्तमानपत्राचा चौरस जवळजवळ पुरतो हे त्यांना मानहानीचे वाटते. मग पडताळा म्हणून एखाद्या उत्साही मुलाला खरोखरच वर्तमानपत्रात गुंडाळले जाते. काखा, कान आणि बोटांच्या बेचक्या इथे कागद चुण्या घालतो, आणि हिशेबापेक्षा बरीच जास्त पाने खर्ची पडतात. पुन्हा तीच पट्टी!

हा खेळ मोठ्यांनीही खेळलेला आहे. १९१६ मध्ये अमेरिकेत डेलाफील्ड आणि युजीन ड्यूबॉइस यांनी माणसांच्या अंगावर कागद चिकटवून त्यांचे साचे काढले, ते कापून सपाट केले आणि क्षेत्रफळे मोजली. अवघ्या ९ माणसांच्या मापांवरून त्यांनी उंची आणि वजन घालून कातडीचे पृष्ठफळ काढण्याचे सूत्र बसवले. कर्करोगाच्या कित्येक औषधांची मात्रा पृष्ठफळावर ठरते, आणि त्यासाठी हे सूत्र अजून वापरात आहे.

वर्गाच्या भिंती मोजणे ही शाळेला परवडणारी सर्वांत मोठी कृती. वर्ग २० फूट लांब, १८ फूट रुंद आणि १० फूट उंच असेल तर चार भिंतींचे ७६० चौ. फूट होतात. त्यातून एक दार २८, तीन खिडक्या ४८ आणि फळा ३२ असे १०८ वजा जाऊन ६५२ उरतात. मुलांचे उत्तर इथे संपते. रंगारी आला की नव्याने सुरुवात होते. तो दारात उभा राहून, पट्टीबिट्टी न काढता, एकदा मान फिरवून ‘साडेसातशे धरा’ म्हणतो. दारे-खिडक्या वजा करायला सांगितले, तर त्याचे उत्तर तयार असते : “बाई, कडा काढायला भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो. शिवाय खिडकीच्या आतल्या बाजू तुम्ही धरल्यात कुठे?” तक्रारीत तथ्य असते. भिंतीला जाडी असल्यामुळे खिडकीच्या चारही बाजूंना आत वळणारे पृष्ठ असते, आणि ते मुलांनी मोजलेले नसते. गवंड्याशी गाठ पडली तर ब्रास निघतो. गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट आणि वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. घनफळ आणि पृष्ठफळ यांची गल्लत करणाऱ्या मुलांना हा व्यवसाय जवळचा वाटायला हवा.

दिवाळीच्या तोंडावर कार्यानुभवाच्या तासाला आकाशकंदील निघतो, आणि पृष्ठफळाचे सगळे प्रकरण त्यात एकत्र येते. कामट्यांच्या पारंपरिक कंदिलात मधल्या पट्ट्यात ८ चौरस, त्याच्या वर आणि खाली तिरके ४-४ चौरस आणि ४-४ त्रिकोण असतात. वरचे आणि खालचे तोंड उघडे. म्हणजे एकूण १६ चौरस आणि ८ समभुज त्रिकोण. प्रत्येक बाजू १५ सेंमी धरली तर चौरसांचे ३,६०० आणि त्रिकोणांचे सुमारे ७८० असे मिळून ४,३८० चौ. सेंमी होतात. तेवढा कागद आणला तर कंदील पूर्ण होत नाही, कारण प्रत्येक तुकडा कामटीवर चिकटवायला चहूबाजूंनी एकेक सेंटिमीटर जास्त कापावा लागतो. १५ चा चौरस १७ चा होतो, त्रिकोणाची बाजू साडेअठराच्या जवळ जाते आणि एकूण कागद ५,८०० चौ. सेंमीपर्यंत पोहोचतो. जवळजवळ तिसरा हिस्सा वाढला, तो निव्वळ खळीसाठी. वर झिरमिळ्या राहिल्याच. त्यांचे पृष्ठफळ कोणी काढत नाही आणि दुकानदार त्यांचे पैसे वेगळे घेतो.

पृष्ठफळ वाढले की काय होते, हा या प्रकरणाचा शेवटचा भाग पुस्तकात विज्ञानाकडे ढकललेला असतो. बटाट्याचा एक घन कापून त्याचे आठ लहान घन केले तर बटाटा तेवढाच राहतो आणि पृष्ठफळ दुप्पट होते. म्हणून लहान फोडी लवकर शिजतात. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते तीही याच कारणाने. मोजून दाखवायला चहा सर्वांत सोयीचा. ७ सेंमी तोंडाच्या कपात चहाचे पृष्ठ सुमारे ३८ चौ. सेंमी असते. तोच चहा १२ सेंमी व्यासाच्या बशीत ओतला की पृष्ठ ११३ चौ. सेंमी, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. थर पातळ होतो, वाफ भराभर जाते, बशीही थोडी उष्णता ओढून घेते आणि चहा झटकन पिण्याजोगा होतो. दोन्हींत तापमापी बुडवून दर मिनिटाला नोंद करावी, असे कृतिपत्रिका सांगते. शिक्षकांच्या खोलीत हा प्रयोग मधल्या सुटीत रोज होतो. तापमापी नसते, नोंद नसते आणि बशीतला चहा दुसऱ्या मिनिटाला संपलेला असतो.